नाशिकची थंडी, तुरुंगाची कोठडी आणि पाच दिवस : अशी लिहिली गेली ‘श्यामची आई’

पिंपळगाव बसवंतच्या माणसाला थंडी काय असते हे सांगायची गरज नाही. निफाड तालुक्यात पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं, नाहीतर मणी तडकतात. साहित्यात हे गाव ओळखलं जातं कुसुमाग्रजांच्या बालपणामुळे. पण याच टापूतल्या थंडीत, इथून तीसेक किलोमीटरवर, मराठीतलं एक फार गाजलेलं पुस्तक लिहून झालं. तेही तुरुंगात.

लिहिणारा कैदी होता पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी.

जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. घर एकेकाळी खातंपितं, नंतर कर्जात बुडालेलं. १९१७ मध्ये आई यशोदाबाई गेल्या, तेव्हा पांडुरंग शिकतच होता. पुढे एम.ए. होऊन १९२४ साली त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये नोकरी धरली. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहायचे. रोज लिहायचा हात तिथेच बसला असणार.

१९३० मध्ये गांधीजींच्या हाकेला ओ देऊन नोकरी सोडली आणि तुरुंगवाऱ्या सुरू झाल्या. धुळे, तिथून थेट त्रिचनापल्ली. १९३२ ला पुन्हा धुळे. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घ्यायचे. आज आपण ‘गीता प्रवचने’ वाचतो ती या टिपणांमुळे.

मग नाशिक. गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या. दिवसा तुरुंगातलं काम असायचं, त्यामुळे लिखाण मुख्यतः रात्री. फेब्रुवारीत नाशिकची थंडी अजून पुरती सरलेली नसते. आणि डोक्यात काय, तर कोकण! विहिरीत उतरायला घाबरून माळ्यावर लपलेला श्याम, त्याला हुडकून मारणारी आई, हातातून निसटत चाललेलं घर. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे लेखणी थांबली.

अख्खं पुस्तक पाच दिवसांत झालं असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर बहुतांश भाग तेव्हा झाला, उरलेल्या काही रात्री सुटकेनंतर लिहिल्या. तरी वेग थक्क करणाराच आहे.

आता ही कादंबरी की आत्मचरित्र? दोन्ही. प्रसंग बरेचसे स्वतःचे, पण सांगणारा श्याम. आश्रमात प्रार्थना झाली की तो मित्रांना रोज एक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय. अशा ४२ रात्री आहेत. ही रचना नसती, तर पुस्तक नुसतं रडगाणं झालं असतं. सलग पंधरा वर्षं पोटात ठेवलेलं दुःख थेट ‘मी’ म्हणून लिहिणं सोपं नसतं, श्याममुळे ते जमलं.

पुस्तक १९३५ मध्ये छापून आलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा काढला आणि १९५४ च्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. ते बघायला साने गुरुजी नव्हते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, ते गेले होते.