महाद्वाराबाहेरचा भक्त चोखामेळा

देवासमोर कसे जावे, हा प्रश्न सर्व धर्मांतील भाविकांस पडत आला आहे. आज आम्ही ज्यांचे चरित्र सांगत आहो, त्यांस देवळाची पायरी जन्मभर चढू दिली गेली नाही. तथापि देवापुढे लीन होणे म्हणजे काय, हे रोज आत जाणाऱ्या पुष्कळांपेक्षा त्यांस अधिक कळले होते.

चोखामेळा हे चौदाव्या शतकातील संत. ते जातीने महार असून पंढरपुरापासून काही कोसांवरील मंगळवेढे गावी राहत. मेलेली गुरे ओढणे, वेठीस जाणे, ही कामे त्या काळी त्यांच्या जातीच्या वाट्यास येत, आणि वस्ती गावकुसाबाहेर असे. नामदेवांच्या संगतीने त्यांस विठ्ठलभक्तीचा छंद लागला, व नामदेवांस त्यांनी गुरु मानिले. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका व पुत्र कर्ममेळा हीही अभंग रचीत. एका दरिद्री घरातील पाच माणसांची वाणी इतकी शतके टिकून राहिली, ही गोष्ट लहान नव्हे. एकट्या चोखोबांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत.

पंढरीस जाऊन ते महाद्वाराबाहेरच हात जोडून उभे राहत. त्यांच्या अभंगांत दोन सूर ऐकू येतात. कोठे ते आपणांस दासांचा दास म्हणवून घेतात, व आपला हीन जन्म पूर्वकर्माचे फळ असे समजून गप्प राहतात. कोठे मात्र ते देवालाच विचारतात की, विटाळ कोणास नाही, आणि मग मजवरच ही वेळ का? देवापुढे डोके नमविणारा हा पुरुष देवाजवळ आपले दुःख बोलण्यास भ्याला नाही. खरी नम्रता मुकी नसते.

१३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली, व तिच्याखाली चोखोबा व इतर मजूर गाडले गेले. ज्या कुसाच्या आत त्यांस घर नव्हते, तेच कूस बांधताना त्यांचा प्राण गेला! नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधि बांधिली, असे परंपरा सांगते. ते द्वार त्यांच्या जातिबांधवांस मोकळे होण्यास सहाशे नऊ वर्षे लागली. त्यासाठी १९४७ साली साने गुरुजींस प्राणांतिक उपोषण करावे लागले. पुढील वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा एक होते.

आमचा व चोखोबांचा विश्वास एक नव्हे. पूर्वकर्माचे मत आम्ही मानीत नाही. परंतु त्यांचे चरित्र वाचताना लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील जकातदाराची आम्हांस आठवण होते. तोही मंदिरात दूर उभा राहिला होता. मात्र दोघांत मोठा भेद आहे. जकातदारास त्याच्या स्वतःच्या पापाच्या जाणिवेने दूर ठेविले. चोखोबांस माणसांनी दूर ठेविले. पहिली गोष्ट नम्रता होय, दुसरी केवळ अन्याय होय. दोहोंची गल्लत करून, तुम्ही बाहेरच उभे राहा, त्यातच तुमची भक्ति आहे, असे जो दुसऱ्यास सांगतो, तो परूश्याच्या शेजारी उभा असतो.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज असेच दाराबाहेर उभे राहिले होते. म्हणून येत्या रविवारी उपासनेस बसताना आपण इकडेतिकडे पाहावे. नव्याने आलेले, दुसऱ्या जातीतून आलेले, फाटक्या वस्त्रांचे कोणी शेवटच्या चटईवर अवघडून बसले आहे काय? असेल तर प्रचारकांनी व पंचांनी त्यांस हाताला धरून पुढे आणावे. आणि मग आपण सर्वांनी मिळून, एकाच ओळीत, परमेश्वरापुढे गुडघे टेकावे.