मंथरेच्या आधीची तलवारवाली

दसऱ्याला आपल्या रामलीला मैदानावर मंथरा कुणीही करो, तुलना होणार टीव्हीवरच्या ललिता पवारांशीच. एक डोळा बारीक, कुबड, जीभ विषारी. पण हीच बाई वयाच्या 15 व्या वर्षी पडद्यावर तोंडाला मुखवटा बांधून तलवार चालवत होती, हे किती जणांना माहितीय?

जन्म 1916 चा, येवल्याचा. खरं नाव अंबिका सगुण, सगळे अंबू म्हणायचे. लहानपणीच ती मूकपटात आली. 1931 मध्ये पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीने ‘दिलेर जिगर’ काढला. दिग्दर्शक जी. पी. पवार, पुढे त्यांच्याशीच तिचं लग्न झालं. गोष्ट अगदी मसाला आहे. दुष्ट काळसेन राजाला मारून गादी बळकावतो. वाचलेला राजपुत्र हमीर डोंबाऱ्यासारख्या कसरती करत मोठा होतो. त्याच्यासोबत खेळ करणारी सारंगा म्हणजे अंबू. राजाची वाईट नजर तिच्यावर पडते, आणि मग पोरगी स्वतःच मुखवटा चढवून लढायला उतरते. हॉलिवूडच्या झोरोची छाप स्पष्ट दिसते, पण इथे झोरो मुलगी आहे! नादियाची ‘हंटरवाली’ यायला अजून चार वर्षं होती.

नशीब मात्र खराब. त्याच वर्षी 14 मार्चला ‘आलम आरा’ आला, पडदा बोलायला लागला आणि असल्या मुक्या स्टंटपटांना विचारतो कोण? अंबू टिकली. ती बोलपटांची नायिका झाली, निर्मितीतही उतरली.

मग 1942. ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगमध्ये भगवानदादांनी सीनमधली थप्पड जरा जास्तच जोरात मारली. चेहऱ्याला लकवा, डाव्या डोळ्याला कायमची इजा, जवळपास तीन वर्षं उपचार. वय 26. हिरोईनचं करिअर तिथेच संपलं. दुसरी कुणी घरी बसली असती. या बाईंनी तोच डोळा घेऊन खाष्ट सासवा रंगवल्या, ‘दहेज’मधली तर लोक विसरले नाहीत. ‘अनाडी’तल्या प्रेमळ मिसेस डिसासाठी फिल्मफेअर मिळालं. आणि शेवटी ‘रामायण’.

1998 मध्ये त्या पुण्यात गेल्या, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधीच. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले, त्यातले मोजकेच उरले. ‘दिलेर जिगर’ उरलाय, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. तिथे शिकायला गेलेल्यांनी विचारून बघायला हरकत नाही.