राजा अली खान

राजा अली खान ऊर्फ चौथा आदिलशाह फारुकी (मृत्यू: इ.स. १५९७) हा खानदेशच्या फारुकी घराण्यातील सुलतान होता. त्याने इ.स. १५७६ ते १५९७ या काळात राज्य केले. दख्खनमध्ये ढाल-तलवार, चिलखत, घोडदळ व हत्ती यांवर चालणाऱ्या युद्धांत तोफा आणि बंदुका निर्णायक ठरू लागल्या होत्या. हा बदल त्याच्या कारकिर्दीत व मृत्यूतही स्पष्ट दिसतो.

पार्श्वभूमी

फारुकी सत्तेचा प्रारंभ तापीकाठच्या थाळनेर (सध्याचा धुळे जिल्हा) येथे मलिक राजा याने केला. त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगड जिंकून बुऱ्हाणपूर वसवले. त्याच घराण्यातील राजा अली आपल्या भावाच्या मृत्यूनंतर सत्तेवर आला. उत्तरेस मोगल व दक्षिणेस निजामशाही यांच्यामध्ये राज्य टिकवण्यासाठी त्याने अकबराचे मांडलिकत्व पत्करले. बुऱ्हाणपूरची जामा मशीद त्याने बांधली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे.

रोहिणखेडची लढाई

इ.स. १५९१ मध्ये निजामशाहीच्या वारसासंघर्षात त्याने बुऱ्हाण निजामशाहाची बाजू घेतली. रोहिणखेड (सध्याचा बुलढाणा जिल्हा) येथील लढाईत विरोधी सेनापती जमाल खान बंदुकीच्या गोळीने ठार झाला आणि त्याच्या सैन्याची फळी मोडली.

मृत्यू

इ.स. १५९७ च्या आरंभी गोदावरी खोऱ्यात सोनपेठजवळ आष्टी येथे मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखाना आणि विजापूर, अहमदनगर व गोवळकोंडा यांच्या संयुक्त फौजा यांच्यात लढाई झाली. मोगलांच्या बाजूने लढणारा राजा अली विजापूरचा सेनापती सुहैल खान याच्या तोफखान्यासमोर होता. तेथे तो अनेक सरदारांसह मारला गेला. अंधारात तो शत्रूला मिळाल्याचा समज पसरून मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणात त्याचा मृतदेह सापडल्यावर त्याची निष्ठा सिद्ध झाली. त्याचे दफन बुऱ्हाणपूर येथे झाले.

परिणाम

त्याचा मुलगा बहादूर याने मोगलांपासून फारकत घेऊन असीरगडाचा आश्रय घेतला. गडावर तोफा, दारूगोळा व धान्य यांचा मोठा साठा होता. उंच डोंगरावरील तटबंदी केवळ तोफांच्या माऱ्याने पडली नाही. अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर बहादूर अकबराच्या हाती सापडला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांकडे गेला. त्याबरोबर फारुकी सत्ता संपुष्टात येऊन खानदेश मोगल सुभा झाला.