ठिणगीचे शिल्पकार रॉबर्ट बॉश

आपल्या तळेगाव (श्यामजी पंत) येथून नागपूर-अमरावती हमरस्ता जातो. त्यावर धावणाऱ्या पेट्रोलच्या मोटारी विजेच्या ठिणगीवर चालतात. ती ठिणगी भरवशाची करण्याचे श्रेय ज्यांस आहे, त्यांत रॉबर्ट बॉश अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील उल्म शहरानजीक अल्बेक गावी झाला. बारा भावंडांत ते अकरावे. शाळा संपल्यावर उल्म येथे ते एका यंत्रकारागिराकडे उमेदवारीस राहिले. परंतु त्या गुरूचे शिष्याकडे लक्ष नसे. पुढे अमेरिकेत एडिसन ह्यांच्या कारखान्यात व नंतर इंग्लंडात त्यांनी अनुभव मिळविला. १८८६ साली स्टुटगार्ट येथे एक कारागीर व एक पोऱ्या हाताशी घेऊन त्यांनी लहानसा कारखाना थाटला. पुढल्याच वर्षी त्यांनी एका जागी बसविलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या योगाने ठिणगी पाडणारे यंत्र, तयार केले. १८९७ साली ते वाहनास जोडले गेले. १९०२ साली त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड ह्यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला.

ठिणगीचे सारे मर्म वेळेत आहे. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडरात सेकंदास २५ ठिणग्या लागतात. दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी. ती फार लवकर पडल्यास इंजिन ठोके देते. उशिरा पडल्यास जोर घटतो. पेट्रोल फवारणाऱ्या जुन्या मोटारींतही ही वेळ तपासावी लागते. इंजिन गरम करून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठिणगीची वेळ आपोआप बदलणे थांबवितात व पुलीवरील खुणेवर टायमिंग लाइट धरतात. खूण चुकली असल्यास डिस्ट्रिब्यूटर जरासा फिरवून ती जुळवितात.

बॉश ह्यांनी १९०६ साली कामगारांस आठ तासांचा दिवस दिला. १९१३ साली त्यांनी उमेदवारांसाठी कारखान्यातच स्वतंत्र शिक्षणशाळा काढली. जे शिक्षण आपणांस लाभले नाही, ते त्यांनी इतरांच्या मुलांस दिले. १२ मार्च १९४२ रोजी ते निवर्तले. त्यांच्या नावाचा कारखाना आपल्या महाराष्ट्रात नाशिक येथेही आहे.

मुलास हातकामास ठेविताना तेथे मन लावून शिकविणारा कोणी आहे काय, हे पालकांनी आधी पाहावे. विद्यार्थिमित्रहो, ठिणगीप्रमाणेच विद्येचीही वेळ असते. ती दवडू नका.