कोसंबींची मावळातील चौकशी

शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावयाचा, सातबाराच्या उताऱ्यासाठी कोणास गाठावयाचे, कापड पहिल्याच दुकानात घ्यावे की आणखी चार दुकाने हिंडावी, या रोजच्या चौकशीलाही खर्च असतो. वेळ जातो, चपला झिजतात. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली या खर्चाची शास्त्रीय मांडणी केली. पुढच्या चौकशीतून होणारा लाभ तिच्या खर्चाहून कमी पडू लागला की शहाणा माणूस थांबतो, असे तिचे सार. हे वर्गात शिकविताना मला हटकून दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. कारण इतर विद्वान जेथे थांबत तेथून त्यांची चौकशी सुरू होई.

त्यांचा जन्म 1907 साली गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पालीचे नामांकित पंडित. मुलाचे शिक्षण पुण्यात व अमेरिकेत झाले, आणि 1929 साली हार्वर्डची पदवी घेऊन तो परतला तो गणिती म्हणून. बनारस, अलीगढ, पुढे फर्ग्युसन आणि अखेर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, असा त्यांच्या नोकरीचा प्रवास. आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्या नावाचे एक सूत्र वापरले जाते. इतिहास हा त्यांचा पोटापाण्याचा विषय कधीच नव्हता.

इतिहासाकडे ते वळले तेही तराजू घेऊन. तक्षशिलेस सापडलेल्या प्राचीन आहत नाण्यांवर राजाचे नाव नाही, सालही नाही. पंडित चिन्हांचा अर्थ लावीत बसले होते. कोसंबींनी नाणी तोलली. हातोहात फिरलेले नाणे झिजते. जे अधिक झिजले ते अधिक काळ चलनात राहिले. हा तर्क खरा की खोटा हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही वजन करून पाहिली. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात जो पुरावा खुळखुळत होता तो तोलण्याचे इतरांना सुचले नाही, एवढाच काय तो फरक.

टाटा संस्थेत असताना ते राहात पुण्यात आणि कामाला जात मुंबईस, दख्खनच्या राणीने. म्हणजे बोरघाट आणि मावळ रोज दोनदा डोळ्यांसमोरून जाई. खिडकीतून हा प्रदेश सर्वांनीच पाहिला आहे. कोसंबी तो पायी हिंडले. कार्ले, भाजे, बेडसे, शेलारवाडी ही लेणी त्यांनी कलेचे नमुने म्हणून पाहिली नाहीत. लेणी घाटमार्गाच्या आसपासच का कोरली गेली, आणि त्यांचा खर्च कोणी केला, हे त्यांचे प्रश्न. कार्ल्याच्या चैत्यातील शिलालेख त्याचे उत्तर देतात: वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा गंधी, सुतार, यवन. धेनुकाकट कोठे होते यावर विद्वानांनी दूरदूरची स्थळे सुचविली होती. कोसंबींनी ते कार्ल्याच्या आसपासच शोधले.

पण त्यांची खरी चौकशी होती ती माणसांपाशी. धनगरांचे कळप पावसापूर्वी व पावसानंतर कोणत्या वाटेने जातात, शेंदूर फासलेल्या या दगडाला काय म्हणतात, नैवेद्य कोणत्या दिवशी आणि कशाचा, हे त्यांनी विचारले. त्या वाटांच्या कडेला त्यांना अश्मयुगातील चिमुकली दगडी हत्यारे सापडली, आणि बरीच देवस्थानेही त्याच वाटांवर निघाली. कार्ल्याच्या लेखांतील मामाल म्हणजे आजचे मावळ. पाण्याकाठच्या मावलायांशी या नावाचा संबंध त्यांनी जोडला. लेण्याच्या दारातच उभी असलेली एकवीरा त्यांना याच साखळीतील वाटली.

या तर्कांपैकी काही फार लांब उडी घेतात, हे मान्य केले पाहिजे. एका गावच्या रूढीवरून दोन हजार वर्षे मागे जाताना मधले दुवे नेहमी मिळतातच असे नाही. मात्र त्यांचे म्हणणे खोडावयाचे असेल तर पुन्हा त्याच वाटेने चालावे लागते, आणि तेथेच बहुतेक टीकाकारांचा उत्साह मावळतो. 1956 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या ग्रंथामागे ही चालही आहे. 1962 साली त्यांची टाटा संस्थेतील नोकरी संपली, आणि 29 जून 1966 रोजी पुण्यात ते झोपेतच गेले. वय अवघे अठ्ठावन्न.

तेव्हापासून मावळ पुष्कळ बदलले. 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, लोणावळ्याभोवती बंगले उठले, शेते विकली गेली. शेत गेले की बांध जातो, आणि बांधावरच्या दगडाचे नाव ठाऊक असलेले माणूसही केव्हातरी जाते. ही माहिती कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही.

वर्गातील मावळच्या मुलांना मी अशा दगडाचे नाव विचारले तेव्हा बहुतेकांनी मोबाइलवर शोधले, आणि अर्थातच काही मिळाले नाही. एका मुलीने त्याच मोबाइलवरून आजीला विचारले. आजीने नाव सांगितले, नैवेद्याचा वार सांगितला आणि तो दगड आता कोणाच्या कुंपणात गेला आहे तेही सांगितले.