सोलापूरचा पॉली

क्रिकेटच्या जुन्या पुस्तकांत पॉली उम्रीगर यांचे जन्मगाव मुंबई असे छापलेले पुष्कळदा आढळते. ते बरोबर नाही. पहलन रतनजी उम्रीगर २८ मार्च १९२६ रोजी जन्मले ते आपल्या सोलापुरात. गिरणीच्या भोंग्यावर दिवस उगवायचा आणि भोंग्यावरच मावळायचा, असे ते सोलापूर. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी तेव्हा पन्नाशीला आली होती. पहलन चार वर्षांचा असताना, १९३० मध्ये, या शहराने मार्शल लॉ पाहिला. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. मुलगा शाळकरी वयात असतानाच कुटुंब मुंबईला गेले आणि पहलनचा पॉली झाला.

मुंबईने घडवले म्हणून ते मुंबईचे झाले, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. सोलापूरची कितीतरी मुले अशीच आगगाडीत बसून गेली. तक्रार आहे ती वेगळीच. उम्रीगर यांचे नाव निघाले, की जुनी मंडळी हटकून एकच किस्सा सांगतात. १९५२ साली इंग्लंडमध्ये फ्रेड ट्रूमन धावत आला, की पॉली लेगच्या बाजूला इतके मागे सरकत, की तिथे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाने त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितले; त्यांच्या आडून त्याला गोलंदाजच दिसत नव्हता म्हणे! किस्सा खरा की रचलेला, हे देव जाणे. पण एकोणसाठ कसोटी सामने खेळलेल्या माणसाच्या वाट्याला शेवटी एवढेच उरावे, हे मला मुळीच पटत नाही.

उम्रीगर पहिला प्रथम श्रेणीचा सामना खेळले ते १९४४ मध्ये, पारशांच्या संघातून. त्या काळी मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावर विभागलेल्या संघांत रंगत असे. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठाचे नेतृत्व केले. १९४८ साली वेस्ट इंडिजचा संघ आला असताना संयुक्त विद्यापीठांकडून नाबाद ११५ धावा काढल्या आणि त्याच डिसेंबरात मुंबईला कसोटीत पदार्पण केले. उंचेपुरे, रुंद खांद्यांचे. पुढे येऊन फटका मारला की चेंडू सीमेच्या दोरीची चौकशी करत बसत नसे. जोडीला ऑफकटर आणि ऑफस्पिन.

पण जागा पक्की व्हायला वेळ लागला. १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिल्या चार कसोटींत धावा झाल्या नाहीत, म्हणून मद्रासच्या पाचव्या कसोटीतून त्यांना वगळलेच होते. आयत्या वेळी हेमू अधिकारी यांना दुखापत झाली आणि पॉली आत आले. सातव्या क्रमांकावर येऊन त्यांनी नाबाद १३० धावा काढल्या. पंकज रॉय यांनी १११ केल्या, विनू मांकड यांनी बारा बळी घेतले आणि भारताने एक डाव आणि आठ धावांनी सामना जिंकला. १९३२ पासून चोवीस कसोटी खेळून झाल्या होत्या, ही पंचविसावी. आणि हा आपला पहिला विजय. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले ते नेमके याच सामन्याच्या पहिल्या दिवशी, ६ फेब्रुवारी १९५२ रोजी. वगळलेल्या खेळाडूने इतिहासात शिरावे ते असे.

आणि मग चारच महिन्यांनी तो उन्हाळा आला.

हेडिंग्लेला भारताच्या दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद, असे दृश्य जगाने पाहिले. मँचेस्टरला आपण एकाच दिवसात दोनदा बाद झालो, ५८ आणि ८२. ट्रूमन एकवीस वर्षांचा होता. पहिल्या डावात त्याने ३१ धावांत आठ बळी घेतले. त्या मालिकेत उम्रीगर सात डाव खेळले आणि त्यांच्या धावा झाल्या एकूण त्रेचाळीस. गंमत अशी, की याच दौऱ्यात कसोटीबाहेरच्या सामन्यांत त्यांनी तीन द्विशतके ठोकली आणि सोळाशेच्या वर धावा केल्या. म्हणजे बॅट चालत होती, इंग्लंडची हवाही मानवली होती. अडत होते ते ट्रूमनपाशी.

भीती वाटली का? वाटली असणार. डोक्याला शिरस्त्राण नाही, खेळपट्ट्या पावसात भिजलेल्या, आणि मुख्य म्हणजे सवय नाही. महंमद निसार फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, अमरसिंग १९४० मध्येच वारले. त्यानंतर खऱ्या वेगाचा गोलंदाज आपल्याकडे उरलाच नव्हता. आपल्या फलंदाजांनी तसा चेंडू सरावात तरी कुठे पाहावा? जो प्रश्न साऱ्या देशाच्या क्रिकेटचा होता, त्याचे बिल एकट्या पॉलींच्या नावावर फाडले गेले.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर त्यांनी पाच कसोटींत ५६० धावा काढल्या, दोन शतकांसह. टीकाकारांना तरीही म्हणायला जागा होती, की तिथे मारा मुख्यतः रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकीवाल्यांचा होता. ते खोटेही नव्हते. १९५५ च्या नोव्हेंबरात हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. कसोटीत भारतीयाने काढलेले हे पहिले द्विशतक. पण न्यूझीलंडच्या माऱ्यात ट्रूमन नव्हता, हेही लोकांनी लगेच मोजलेच! बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हा प्रकार ओळखीचा वाटतो. एखादे खाते एकदा थकीत गेले, की नंतर सारे हप्ते वेळेवर भरले तरी तपासणीस पहिल्यांदा जुने पान उघडतो.

त्याच मालिकेत गुलाम अहमद यांच्यानंतर कर्णधारपद उम्रीगर यांच्याकडे आले. एकूण आठ कसोटींत त्यांनी नेतृत्व केले. दोन जिंकल्या, दोन हरल्या, चार अनिर्णित राहिल्या. त्या काळच्या भारतासाठी हा हिशेब वाईट नव्हे. आठवी कसोटी १९५८ ची, वेस्ट इंडिजविरुद्ध मुंबईची. त्यानंतर दोन सामने गुलाम अहमद यांनी नेतृत्व केले आणि जानेवारी १९५९ मध्ये मद्रासच्या चौथ्या कसोटीसाठी पुन्हा उम्रीगर यांचे नाव पुढे आले. सामन्याच्या तोंडावर अंतिम अकरा जणांत कोणाला घ्यायचे यावरून त्यांचा आणि नियामक मंडळाच्या अध्यक्षांचा मतभेद झाला. उम्रीगर यांनी कर्णधारपद सोडले. मद्रासला मांकड आणि दिल्लीला अधिकारी, असे एका मालिकेत आपण चार कर्णधार केले.

मला यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. कर्णधारपद सोडलेला हा माणूस घरी जाऊन बसला नाही. त्याच मद्रासच्या मैदानावर तो साधा फलंदाज म्हणून उतरला. नोकरीत अधिकाराची खुर्ची गेल्यावर त्याच कार्यालयात दुसऱ्या टेबलावर काम करावे लागलेल्यांना हे किती जड जाते, ते वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भारत पुन्हा इंग्लंडला गेला. मालिका आपण पाच-शून्य हरलो. सांगण्यासारखे फार नाही. पण चौथी कसोटी मँचेस्टरला होती. तेच मैदान, जिथे सात वर्षांपूर्वी ५८ आणि ८२ झाले होते. समोर तोच ट्रूमन. दुसऱ्या डावात पदार्पण करणाऱ्या अब्बास अली बेग यांनी ११२ काढल्या आणि तेहतीस वर्षांच्या उम्रीगर यांनी ११८. सामना गेला, पण जुने पान तिथे फाटायला हरकत नव्हती. फाटले नाही, हा भाग निराळा. डिसेंबरात कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपण पहिल्यांदा जिंकलो. जसू पटेल यांनी चौदा बळी घेतले, म्हणून सामना त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि ते योग्यच. पण दुसऱ्या डावात २७ धावांत चार बळी उम्रीगर यांचेही होते. पाठोपाठ पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत तीन शतके.

शेवटचा दौरा १९६२ चा, वेस्ट इंडिजचा. मार्चमध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. जिवावर बेतले होते. रक्त देणाऱ्यांत विंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि उम्रीगरही होते. कर्णधारपद गेले एकवीस वर्षांच्या पतौडींकडे. छत्तिसाव्या वर्षी, आठ कसोटींत नेतृत्व केलेला हा माणूस आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेल्या कर्णधाराच्या हाताखाली खेळायला उभा राहिला.

आपल्याच माणसाचे डोके फुटलेले पाहिल्यावर वेगवान गोलंदाजासमोर उभे राहायचे, म्हणजे काय असते? पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत उम्रीगर यांनी आधी १०७ धावांत पाच बळी घेतले. मग वेस हॉलने वीस धावांत आपले पाच गडी उडवले आणि डाव १९७ वर आटोपला. त्यांत ५६ त्यांच्या. फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात ते शेवटपर्यंत बाद झालेच नाहीत. नाबाद १७२. तरीही सामना हरलो. पण त्या पाच दिवसांनंतर या माणसाच्या धैर्याबद्दल शंका घ्यायची असेल, तर ती घेणाऱ्याने आधी हॉलचा एखादा चेंडू तरी खेळलेला असावा.

किंग्स्टनच्या कसोटीनंतर ते निवृत्त झाले. ५९ कसोटी, ३६३१ धावा, बारा शतके: तिन्ही आकडे तेव्हा भारतात सर्वाधिक होते. धावा आणि शतकांचा विक्रम मोडायला सुनील गावस्कर यांना यावे लागले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे ते प्रशासनात शिरले. निवड समितीचे अध्यक्ष झाले, मंडळाचे कार्यकारी सचिव झाले, वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी सांभाळली. १९७६ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर ते व्यवस्थापक होते. बिशनसिंग बेदींच्या संघाने चौथ्या डावात ४०६ धावा करून सामना जिंकला, तो पोर्ट ऑफ स्पेनच्याच मैदानावर. आणि पुढच्याच किंग्स्टनच्या कसोटीत वेगवान माऱ्याने आपले खेळाडू इतके जखमी केले, की दुसऱ्या डावात पाच जण फलंदाजीला येऊच शकले नाहीत. अंशुमन गायकवाड यांच्या कानावर चेंडू बसला, विश्वनाथ यांचे बोट मोडले. या मुलांना सांभाळायला संघासोबत कोण असावे, याची निवड नियतीने बरी केली होती.

७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. नियामक मंडळ २००६-०७ पासून वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूला पॉली उम्रीगर पुरस्कार देते. पहिला सचिन तेंडुलकर यांना मिळाला. अलीकडे तो जसप्रीत बुमराह यांना तीनदा मिळाला, २०१८-१९, २०२१-२२ आणि २०२३-२४ साठी. बुमराह वेगवान गोलंदाज आहेत.