अंधाराचे मोल जाणणारा कलामहर्षी

भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घालणाऱ्यांमध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचे नाव आदराने घेतले जाते. स्वदेशी कॅमेरा, रंगवलेल्या पडद्यांऐवजी उभारलेले भरीव देखावे, चित्रपटांची हाताने रंगवलेली पोस्टर अशा अनेक गोष्टींचे श्रेय त्यांना दिले जाते. मात्र या यादीत त्यांचे एक मोठे काम काहीसे मागे पडते. दिव्याचा प्रकाश कोठे पाडावा, किती पाडावा आणि कोठे मुळीच पाडू नये, याचा विचार करणारे ते आपल्याकडील आरंभीचे प्रकाशरचनाकार होते. रात्र हटवण्याची जणू स्पर्धा लागलेल्या आजच्या काळात त्यांच्या आयुष्याकडे या अंगाने पाहणे उद्बोधक ठरते.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे सुतारकाम, शिल्पकाम आणि हस्तिदंतावरील कोरीवकामात निष्णात होते. घरातच हत्यारे आणि रंग असल्याने बाबूरावांना कलाशाळेची पायरी चढावी लागली नाही. त्या काळचे कोल्हापूर राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयामुळे कलावंतांचे माहेरघर बनले होते. गायक, मल्ल, नट, शिल्पकार साऱ्यांनाच येथे मानाचे स्थान होते. कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या पाण्यावरचा बदलता उजेड जलरंगांत पकडणारे आबालाल रहिमान याच नगरीत राहत होते. अशा वातावरणात बाबूराव आणि त्यांचे आतेमामे बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळींसाठी पडदे रंगवण्याचा व्यवसाय सुरू केला. मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हे नाव त्यांना चिकटले ते याच काळात.

पडदे रंगवणे हे केवळ रंगांचे काम नव्हते. तेव्हाची नाटकगृहे तेलाच्या दिव्यांवर आणि गॅसबत्त्यांवर उजळत. दिवसा झळाळणारा निळा रंग पिवळसर उजेडात मळकट दिसे, तर तांबडा अधिक उठून दिसे. पडद्यावरील राजवाड्याचे खांब गोल भासावेत म्हणून सावलीही रंगवावी लागे, आणि ती रंगमंचावरील दिव्यांच्या दिशेशी जुळावी लागे. उजेड कोणत्या बाजूने येतो हे आधी ठरवायचे आणि मग चित्र उभे करायचे, ही शिस्त बाबूरावांच्या हाताला येथेच लागली.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला आणि या दोघा बंधूंना चलच्चित्राचे वेड लागले. त्यांनी मुंबईच्या बाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, खेळ केले, आणि त्या यंत्राची रचना समजून घेत स्वतःचा कॅमेरा बनवण्याचे स्वप्न पाहिले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. हा आघात सोसून बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने लेथवर भाग घडवत कॅमेरा पूर्णत्वास नेला. शाहू महाराजांचा आश्रय आणि गायिका तानीबाई कागलकर यांचे अर्थसाहाय्य यांच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये आलेल्या ‘सैरंध्री’ने कंपनीचे नाव सर्वदूर केले. पुण्यात हा चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिल्याची हकीकत प्रसिद्धच आहे.

त्या दिवसांत चित्रपट हा सर्वस्वी सूर्याचा आश्रित होता. फिल्म मंद होती, तिला भरपूर उजेड लागे. शिवाय ती तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी आणि निळ्याला अतिसंवेदनशील असल्याने गोरे आकाश पांढरे फटक आणि लाल ओठ काळे उमटत. त्यामुळे चित्रीकरण उघड्यावर किंवा काचेच्या छताखाली चाले. ऊन फार कडक झाले की वर पातळ कापड ताणायचे, चेहऱ्यावर सावली पडली की चंदेरी कागद लावलेल्या फळ्यांवरून ऊन परतवायचे, आणि ढग आले की हात जोडून बसायचे, असा शिरस्ता होता. सह्याद्रीच्या कुशीतील कोल्हापूरच्या पावसाळ्यात ही अडचण किती जाणवत असेल, हे येथील रहिवाशांना सांगावयास नको. आजच्या भाषेत बोलायचे तर तो पूर्णतः सौर ऊर्जेवर चालणारा उद्योग होता. ऋतू आणि प्रहर यांच्याशी जमवून घेतल्याखेरीज त्यात पाऊलही टाकता येत नसे.

या बंधनाची खरी कसोटी लागली ती १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये. ह. ना. आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचा प्राण होता तानाजी मालुसऱ्यांचा रात्रीचा हल्ला. इतर निर्माते रात्रीचे प्रसंग भर दिवसा टिपून फिल्मला निळी छटा देत आणि प्रेक्षकांनी ती रात्र मानावी, अशी अपेक्षा ठेवत. बाबूरावांच्या चित्रकाराच्या डोळ्यांना हे पटणारे नव्हते. त्यांनी विजेच्या दिव्यांचा आधार घेऊन रात्र उभी केली. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा पहिला कलात्मक वापर म्हणून चित्रपट इतिहासकार या चित्रपटाचा उल्लेख करतात. येथे ध्यानात घेण्याजोगा मुद्दा असा, की बाबूरावांनी दिवा आणला तो रात्र दाखवण्यासाठी. अंधार दिसावा एवढाच उजेड त्यांना हवा होता.

दोन वर्षांनी, १९२५ मध्ये आलेल्या ‘सावकारी पाश’मध्ये हा विचार अधिक परिपक्व झाला. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा होती. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक चमत्कारांच्या त्या युगात दारिद्र्याचे असे वास्तव चित्रण अपवादात्मकच होते. या चित्रपटातील अंधुक उजेडातल्या झोपडीचे आणि तिच्याबाहेर रडणाऱ्या कुत्र्याचे दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात पुढे कित्येक वर्षे राहिले. झोपडीचा कोपरान् कोपरा उजळून टाकला असता, तर ती नाटकातली झोपडी झाली असती. शेतकऱ्याच्या घरात जेवढा उजेड असतो तेवढाच पडद्यावर ठेवल्याने प्रेक्षक त्या घरात जाऊन पोहोचला. प्रकाश कमी करून माणूस अधिक स्पष्ट दाखवता येतो, हे या चित्रपटाने सिद्ध केले.

कृत्रिम प्रकाशाची दुसरी बाजूही त्या काळातील स्टुडिओंना लवकरच कळली. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून जळणारे आर्क दिवे जगभरच्या स्टुडिओंत वापरले जात. त्यांचा झगझगाट सूर्याशी स्पर्धा करी. पण त्यातून धूर निघे, उष्णता असह्य होई आणि अतिनील किरणांमुळे नटांचे डोळे सुजून लाल होत. हॉलिवूडमध्ये या नेत्रविकाराला त्या दिव्याच्या नावावरून वेगळे नावच पडले होते. दिवा जितका प्रखर तितके काम चांगले, हा समज माणसाच्या शरीरानेच तेव्हा खोटा पाडला. पुढे दिव्यांसमोर काचा आल्या, पडदे आले, झडपा आल्या. प्रकाशाला आवर घालणे हे प्रकाश निर्माण करण्याइतकेच महत्त्वाचे तंत्र बनले.

बाबूरावांच्या तालमीत तयार झालेल्यांनी हे तंत्र पुढे नेले. दामले, साहेबमामा फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी १९२९ मध्ये कंपनीतून बाहेर पडून सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ पुढे व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. बाबूरावांच्या वाट्याला मात्र ओहोटी आली. उजव्या हातासारखे सहकारी गेले, पाठोपाठ बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. ‘उषा’, ‘प्रतिभा’, बोलपट रूपातील ‘सावकारी पाश’ असे काही चित्रपट त्यांनी केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. परंतु त्यांचे मन पुन्हा रंग, कुंचला आणि शिल्पाकडेच वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांची प्राणज्योत मालवली. नायट्रेटच्या ज्वालाग्राही फिल्मवरील त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. ‘सिंहगड’मधील रात्र आणि ‘सावकारी पाश’मधील झोपडी आता वर्णनांतूनच पाहावी लागते.

पर्यावरणाचा विचार बाबूरावांनी केला होता, असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांच्या पिढीला विजेचा दिवा हे नवलच होते. परंतु मोजका प्रकाश योग्य जागी पाडण्याचा त्यांचा दंडक आज शास्त्रज्ञ वेगळ्या कारणांनी सांगत आहेत. रात्रीच्या निळसर पांढऱ्या प्रकाशाने शरीरातील मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाची निर्मिती मंदावते. पथदिव्यांभोवती घिरट्या घालून कीटक मरतात, रात्री प्रवास करणारे पक्षी उजळलेल्या शहरांवर भरकटतात. एलईडी दिव्यांनी विजेची मोठी बचत केली हे खरे. पण दिवा स्वस्त झाला म्हणून दिवेच वाढवले, तर बचतही विरते आणि रात्रही.

याचे उदाहरण कोल्हापूरपासून दूर शोधावे लागत नाही. बाबूरावांना आश्रय देणाऱ्या शाहू महाराजांनीच भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम सुरू केले. त्यांचे निधन १९२२ मध्ये झाले. धरण पुढे पूर्ण होऊन तेथे जलविद्युत केंद्रही उभे राहिले. या परिसरातील दाजीपूरचे संस्थानी शिकारीचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, याच रानात झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. काजव्याची उघडझाप ही नर-मादीची परस्परांना घातलेली साद असते. तिच्यात उष्णता जवळजवळ नसतेच. जवळ एखादा प्रखर दिवा किंवा मोटारीचा झोत आला की ती साद दिसेनाशी होते, जोडीदार भेटत नाही आणि पुढच्या वर्षीची पिढी घटते. धरणाच्या पाण्यावर वीजही हवी आणि शेजारच्या रानात काळोखही हवा, हा तोल सांभाळणे आता आपल्या हाती आहे.

असा तोल साधण्याचा वारसाही या शहराकडे आहे. अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबर आणि जानेवारीअखेरच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोहोचतात. गाभारा मंद असतो म्हणूनच त्या किरणांचे सोने होते. आणि वाटेत उंच बांधकामे आली की किरण अडखळतात, याचाही अनुभव शहराने घेतला आहे.

यासाठी खर्चिक उपायांची गरज नाही. दिव्याचे तोंड जमिनीकडे असावे, वर टोपी असावी, छटा उबदार पिवळी असावी, वर्दळ थांबल्यावर तीव्रता कमी करावी. तलाव, देवराई आणि जंगलाच्या कडेला शक्यतो दिवाच नसावा. यातील प्रत्येक गोष्ट चित्रपटाच्या सेटवर प्रकाश लावणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवली जाते. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या रूपात बाबूरावांचे स्मारक उभे आहे. त्यांच्या जयंतीला तेथे पुष्पहार वाहिला जातो. त्याच सुमारास राधानगरीत काजव्यांचा हंगाम असतो. त्या दिवसांत जंगलाच्या वाटेवरचे दिवे आणि मोटारींचे झोत मंद राहिले, तर ती या कलामहर्षीला यथोचित आदरांजली ठरेल.